पहिल्या कादंबरीची वार्ता

धान निसवू लागले होते त्या सुमाराची गोष्ट. सायंकाळची मिस्सा आटोपून आम्ही वेदीवरील मेणबत्त्या विझवीत होतो. तोच आमच्या धर्मग्रामातील एक शिक्षिका वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके छातीशी धरून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली अठरा वर्षे त्या मराठी शिकवीत आहेत. "फादर, आली," एवढेच त्या म्हणाल्या. काय आली, हे विचारण्याची आवश्यकता नव्हती. त्यांची पहिली कादंबरी त्याच दिवशी नागपूरच्या छापखान्यातून एस.टी.ने भंडाऱ्यास पोहोचली होती. प्रती तीनशे, आणि खर्च भविष्य निर्वाह निधीतून काढलेला. कादंबरीचे नाव येथे देत नाही. जाहिरात केल्यासारखे व्हायचे. बाकी जे लिहीत आहोत, ते बाईंच्या अनुमतीने.

"रविवारी सूचना वाचता ना, त्यात दोन ओळी घ्याल का?" त्यांनी विचारले.

आम्ही "पाहू" म्हणालो. धर्मगुरूच्या 'पाहू'चा अर्थ आमचे लोक चांगला ओळखून आहेत. बाईंनी पुडके पुन्हा बांधले, एक प्रत मात्र बाकावर ठेविली, आणि त्या निघून गेल्या.

आमच्या संकोचाचे कारण त्या पुस्तकाच्या चौदाव्या प्रकरणात होते. हस्तलिखित आम्ही आधीच वाचले होते. त्या प्रकरणात एक शव ख्रिस्तमंदिराच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली दोन तास पडून राहते. मृत मनुष्य वीस वर्षे मिस्सेला आलेला नसतो. शिवाय त्याने आपले जीवन आपणच संपविले, अशी कुजबुज असते. आतमध्ये धर्मगुरू वरिष्ठांना दूरध्वनी करीत असतो आणि मध्येच घड्याळ पाहतो. वाचकहो, ते घड्याळ आमचे. सहा वर्षांपूर्वी आम्ही या धर्मग्रामात नवे होतो आणि ते शव बाईंच्या मोठ्या बाबांचे होते. दफनविधी अखेर आम्हीच केला, पण घंटा वाजविली नाही.

याला अज्ञान म्हणावे, तर तीही सोय आम्हांस नाही. सेमिनरीत धर्मसभेचा कायदा आम्ही घोकला आहे. १९१७ च्या संहितेत आत्मघात करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. १९८३ च्या संहितेत त्या यादीतून त्याचे नाव गाळले गेले. हे आम्हांस ठाऊक होते, परीक्षेत लिहिलेही होते. फाटकाशी लोक जमलेले पाहिले, आणि पाठ केलेले कलम कामास आले नाही.

हस्तलिखित परत देताना आम्ही बाईंना विचारले होते, "हे प्रकरण हवेच का?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, हे काढले तर बाकीचे कशाला छापू?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. कादंबरीस धर्माधिकाऱ्यांची छपाईची परवानगी लागत नाही. ती धर्मशिक्षणाच्या, उपासनेच्या पुस्तकांना आणि पवित्र शास्त्राच्या भाषांतरांना लागते. निषिद्ध ग्रंथांची यादी तर १९६६ सालीच संपली. म्हणजे नकार द्यायचा झाल्यास तो आम्हांस स्वतःच्या नावानेच द्यावा लागला असता.

त्या रात्री झोप नव्हती, म्हणून आम्ही कपाटातून जुनी टिपणे काढली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे, ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. ती बाबा पदमनजींनी लिहिली. बेळगावास १८३१ साली जन्मलेले हे गृहस्थ कासार घराण्यातले. आमच्या पितळेच्या गावातल्या वाचकांस ही गोष्ट विशेष वाटावी. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रोटेस्टंट होते, म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव जरा आखडत्या हाताने घेतले जाते. ही आमची जुनी खोड आहे. कादंबरी लिहिली तेव्हा त्यांचे वय जेमतेम सव्वीस. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. पण कायदा झाल्याने कोणाचे केशवपन थांबले नव्हते. त्यांची यमुना पतीसह प्रवास करते, वाटेत विधवांची दुःखे ऐकते आणि पुढे स्वतःच विधवा होते.

या कादंबरीत उपदेश फार आहे, आणि धर्मप्रचारही उघड आहे. आम्ही प्रवचने करणारे असूनही काही पाने आम्हांस जड गेली. परंतु हिच्यानंतर चार वर्षांनी आलेल्या हळब्यांच्या 'मुक्तामाले'त अद्भुताचे राज्य आहे. शेजारच्या घरात डोके भादरून बसलेल्या मुलीकडे पाहावे, हे मराठी कादंबरीने प्रथम केले ते 'यमुनापर्यटना'त. पुढे १८९० पासून हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक'मध्ये 'पण लक्षात कोण घेतो' लिहिली. तिच्या नायिकेचे नावही यमूच आहे, आणि तीही विधवा होते. हा योगायोग असेल किंवा नसेलही. बाबांची कादंबरी ज्यांच्या घरांविषयी होती, त्यांनी ती आनंदाने हाती घेतली असेल, असे आम्हांस वाटत नाही. आपल्याच घरावर लिहिलेले कोणास आवडते? आम्हांस तरी कुठे आवडले होते!

फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापले गेले, त्याचा अभिमान आम्ही प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही, हे मात्र क्वचितच सांगतो. पुस्तके हरवतात. तीनशे प्रती तर फारच थोड्या.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. धर्मगुरूंच्या घडणीत कथाकादंबऱ्यांना स्थान असावे, असा त्याचा आशय आहे. तरुणपणी, १९६४-६५ मध्ये, ते अर्जेंटिनातील सांता फे येथे शाळेत साहित्य शिकवीत. नेमलेला जुना ग्रंथ मुलांना नको होता, त्यांना लोर्का हवा होता. तेव्हा त्यांनी जुना ग्रंथ घरी वाचायला सांगून वर्गात मुलांच्या आवडीचे घेतले. ते पत्र आले तेव्हा आम्ही त्यावर एक प्रवचनही केले होते. प्रवचन करणे सोपे असते.

रविवारी सूचनांच्या कागदावर प्रथम दोन विवाहांच्या घोषणा होत्या, मग कब्रस्तानाच्या सफाईची तारीख. तिच्याखाली आम्ही हाताने दोन ओळी लिहिल्या आणि वाचल्या. एक ओळ कागदावर नव्हती, तीही बोललो: "या पुस्तकाच्या चौदाव्या प्रकरणातील धर्मगुरू कोण, असा प्रश्न कोणास पडल्यास त्याने मला विचारावे." मंदिरात शांतता पसरली. नंतर धर्मग्राम परिषदेचे एक सदस्य आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, "फादर, एवढे सांगायची गरज नव्हती." कदाचित नसेलही.

सोळा प्रती खपल्या. लोक पांगल्यावर बाईंच्या मोठ्या आई काठी टेकीत आमच्याकडे आल्या. त्यांना वाचता येत नाही. पुस्तक पुढे करून त्यांनी विचारले, "त्या दिवसाचे कोणत्या पानावर आहे जी?"

आम्ही पान काढून दिले. त्यांनी पुस्तक घेतले नाही, बाकावर बसून म्हणाल्या, "तुम्हीच वाचा."

आम्ही वाचू लागलो. कडुनिंब आला, फाटक आले, घड्याळ आले. दोन तासांचा उल्लेख आला तिथे त्यांनी हात वर करून आम्हांस थांबविले.

"दोन नाही जी फादर, अडीच घंटे झाले होते. पुढे वाचा."