पाणीमंत्र्याला प्रश्न

शाळेच्या मंत्रिमंडळात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पाणीमंत्र्याची. मुख्यमंत्री परिपाठाला पुढे उभा राहतो, क्रीडामंत्र्याच्या हाती चेंडूंची पिशवी येते. पण उजनी धरण भरलं तरी नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरात दहा वर्षांच्या मुलीला पाणीमंत्री करणं हा लुटुपुटूचा खेळ नाही.

शाळा सुरू झाल्या की आमच्याकडे अनेक शाळांत ही निवडणूक होते. अर्ज, माघार, पाटी-पुस्तक-चेंडू अशी चिन्हं, वर्गावर्गांतून प्रचार. मोबाईलवरचं मतदान यंत्र, नाहीतर खोक्याला चीर पाडून केलेली मतपेटी, आणि बोटाला स्केचपेनची शाई. पुठ्ठ्याच्या आडोशाला मूल एकटं उभं राहतं. सर, मित्र, वर्गातला दांडगट, कुणाचीच नजर तिथे पोचत नाही. बाहेर येऊन ते प्रत्येक उमेदवाराला ‘तुलाच दिलं’ म्हणून सांगतं. गुप्त मतदान त्याला कळलेलं असतं. हरलेला मुलगा मधल्या सुट्टीत जिंकलेल्याच्याच डब्यातली शेंगाचटणी खातो, हेही मला फार मोलाचं वाटतं.

माझं दुखणं पुढचं आहे. शपथविधीचा फोटो निघतो आणि तिथेच सगळं थांबतं. पाणीमंत्री नळापाशी रांग लावत राहते. टाकी कोरडी का, हे तिने कुणाला विचारायचं नसतं आणि वर्गाने तिला विचारायचं नसतं. मत द्यायला शिकवलं, जाब विचारायला शिकवायचं राहून गेलं.

या शहराला तरी ते परवडू नये. ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभे राहिलेले इथले चौघे आठवा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. सर्व प्रौढांना मत मिळालेली पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला त्यानंतर वीस वर्षं लागली. चौघांनी सत्तेला जाब विचारला तो प्रौढ मताधिकार येण्याच्या कितीतरी आधी.

जाब विचारायची जागा आता शाळेतही आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक. समितीच्या बैठकीत पाणीमंत्र्याला पाच मिनिटं द्यावीत, आणि तिला वर्गापुढे उभं करावं.

एका शाळेत मी हे पाहिलं. चौथीतल्या मुलीने विचारलं, “खालच्या नळाला तोटी कधी बसणार?” मंत्र्याने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “माझ्याकडे नको, तिच्याकडे बघून सांग.” मग अर्ज लिहिला गेला, आणि तोटी बसेपर्यंत दर शनिवारी तोच प्रश्न विचारला गेला.