मोआबचा मुक्काम

डेन्व्हर येथें स्थायिक झालेल्या आमच्या चिरंजीवांनीं गेल्या वर्षीं जुलै महिन्यांत आम्हां उभयतांना मोटारहोममधून प्रवासास नेलें. हें वाहन ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं एस. टी.च्या गाडीएवढें एक बिऱ्हाड डोळ्यांपुढें आणावें. आंत चूल, मोरी, चौघांची निजण्याची सोय, हवा थंड करणारें यंत्र आणि फ्रीज. त्या फ्रीजमध्यें आमच्या कुटुंबाचें इन्शुलिन होतें, आणि त्याच्या काळजीनें मी निघतांनाच अर्धा झालों होतों.

समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून उंच असलेल्या आयसेनहॉवर बोगद्यांतून रॉकी पर्वत ओलांडला, कीं रस्ता पश्चिमेस उतरूं लागतो, आणि डेन्व्हरपासून सुमारें ३५० मैलांवर यूटा संस्थानांतील मोआब हें कोलोरॅडो नदीकांठचें लहानसें गांव लागतें. भोंवतालचा मुलूख सारा तांबड्या वालुकाश्माचा. जवळच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानांत दगडाच्या दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. त्यांपैकीं लँडस्केप आर्च जवळजवळ ३०० फूट लांब, आणि एके ठिकाणीं इतकी बारीक, कीं ती अजून उभी कशी याचें नवल वाटावें. १९९१ सालीं तिच्या पोटाखालची एक प्रचंड शिळा निसटून पडली. तेव्हांपासून तिच्याखालून जाण्याची वाट बंद आहे. ही शोभा आम्हीं सकाळींच पाहून घेतली, कारण दुपारीं तेथें उभें राहवत नाहीं.

माध्यान्हीं आम्ही एका खासगी तळावर उतरलों. अशा तळावर प्रत्येक गाडीच्या जागेशीं विजेचा एक खांब असतो. चिरंजीवांनीं गाडीची जाड तार काढली. पण ती सरळ खांबाला न जोडतां मध्यें विटेहून थोडा मोठा असा एक डबा बसविला. सव्वादोन मिनिटें तो डबा नुसता विचार करीत राहिला. मग यंत्र सुरू झालें, दहा मिनिटें चाललें आणि बंद पडलें. पुन्हां सुरू, पुन्हां बंद. आंत भट्टी पेटली होती.

"तो डबा काढून टाक आणि तार सरळ लाव," मीं फर्माविलें.

"बाबा, तेवढें मात्र सांगूं नका," तो म्हणाला, "आधीं हे आंकडे पाहा."

डब्यावर दोन आंकडे आळीपाळीनें उमटत होते: एक १०३, दुसरा १३१. अमेरिकेंत घरगुती वीज १२० व्होल्टची. मोठ्या मोटारहोमला मात्र तशा दोन तारा मिळतात, आणि त्या दोहोंत सामाईक अशी एक न्यूट्रल तार असते. दोन तारांमधला दाब २४०. न्यूट्रल घट्ट आहे तोंवर दोघी आपापल्या १२० वर सुखानें नांदतात. ती सैल झाली, कीं जिच्यावर यंत्रांचा भार अधिक तिचा दाब उतरतो आणि दुसरीचा तितकाच चढतो. (दोन जावांमधलीं सासूबाईच उठून गेल्या, तर जें होतें तेंच.) दाब १०४ च्या खालीं किंवा १३२ च्या वर गेला, कीं डबा गाडीची वीज तोडतो. चढलेला दाब यंत्रें जाळतो हें मला ठाऊक होतें. पण उतरलेला दाबही घातक, कारण मोटर अधिक प्रवाह ओढून तापते, हें चिरंजीवांनीं सांगितलें.

तो कचेरींत जाऊन आला. "उन्हाळ्यांत असें होतेंच," एवढेंच उत्तर मिळालें. दुसरी जागा शिल्लक नव्हती, आणि तेथें जनरेटर लावण्यास मनाई. शेजारीं एक वृद्ध अमेरिकन दांपत्य थेट खांबाला तार जोडून बसलें होतें. चिरंजीवांनीं त्यांनाही सूचना दिली. म्हातारबोवांनीं आभार मानले. वीस वर्षांत आपल्याला कांहीं झालें नाहीं, असेंही हंसून सांगितलें. मला मनांतून त्यांचेंच पटत होतें. ओला पंचा डोक्यावर घेऊन मी उरलेली दुपार अबोल्यानें काढली.

संध्याकाळीं पश्चिमेस ढग गडगडूं लागले. चिरंजीवांनीं आतां तारच उपटून गुंडाळून ठेवली. डब्यांतील घटक क्षणिक उसळी गिळतात, आणि गिळतां गिळतां स्वतः झिजतात. पण जवळ वीज पडली तर कसलाच डबा पुरा पडत नाहीं, असें तो म्हणाला. फ्रीज तेवढा गॅसवर चालूं लागला. त्याच्या नियंत्रणापुरती वीज गाडीच्या बॅटरींतून मिळते.

पाऊस चार थेंब झाला, वारा मात्र सुटला. नऊच्या सुमारास मी बाहेर खुर्ची टाकून बसलों होतों. शेजाऱ्यांच्या कनातीखालीं दिव्यांची पिवळी माळ होती. ती एकाएकीं उजळली, पांढरी शुभ्र झाली. हा उजेड मी ओळखत होतों! साताऱ्यास आमच्या वाड्यांत एकदां असाच दिवा उजळला होता, आणि "न्यूट्रल गेला!" अशी ओरड होईपर्यंत तीन बिऱ्हाडांचे पंखे व रेडिओ जळाले होते. आपल्याकडे तीन तारांची जोडणी असल्यानें २३० ची वीज अशा वेळीं ४०० च्या घरांत जाऊं शकते. मी "तार काढा! तार काढा!" असें चक्क मराठींत ओरडलों. चिरंजीव धांवला, त्यानें त्यांच्या खांबाची कळ खालीं ओढली. पण तोंवर माळ विझली होती आणि गाडींतून जळक्या रबराचा वास येत होता.

त्यांचा दूरदर्शन संच, मायक्रोवेव्ह आणि फ्रीजचें नियंत्रण, तिन्हीं गेलीं. सकाळीं वीजतंत्री आला. दोन्हीं खांबांना वीज पुरविणाऱ्या पेटींत न्यूट्रलचा सांधा त्यानें उघडून दाखविला. तो कोळशासारखा काळा पडला होता. चिरंजीव मला एक शब्दही बोलला नाहीं. मींच त्याला चहा करून दिला.

त्या रात्रीं मात्र म्हातारीबाई संकोचत आमच्या दाराशीं आल्या होत्या. त्यांच्या हातांत इन्शुलिनची डबी होती. आमच्या कुटुंबास इंग्रजी बेताचेंच येतें. पण त्यांनीं ती लगेच ओळखली, फ्रीजमधलें ताकाचें भांडें सरकवून आपल्या डबीशेजारीं ठेवली, आणि सकाळीं अदलाबदल होऊं नये म्हणून आपल्या डबीला कुंकवाचें बोट लावलें.