पेठेतला मुक्काम

पुण्यात उतरायचं कुठे, यावर आमच्या घरी बराच खल झाला. सांगलीहून आम्ही दोघीच निघणार होतो, ताई आणि मी. भाच्याचं म्हणणं होतं कोरेगाव पार्क: झाडी आहे, रस्ते रुंद आहेत, हॉटेलं नवी आहेत. शेजारचे काका पुणे स्टेशनजवळच्या लॉजवर ठाम होते. त्यांचा सगळा प्रवास आगगाडीचा, त्यामुळे पुणे म्हणजे स्टेशन. कुणी डेक्कन सुचवलं. मी सदाशिव पेठेवर अडून बसले.

त्यामागे हिशेब होता. ताई इतिहासाची निवृत्त शिक्षिका. तिला भारत इतिहास संशोधक मंडळात जायचं होतं, केळकर संग्रहालय सावकाश बघायचं होतं. मला भरत नाट्य मंदिरात संगीत नाटक बघायचं होतं. सांगलीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ आमच्याच गावात उभं केलं. खरेदी तुळशीबागेत. ही सगळी ठिकाणं लक्ष्मी रस्ता आणि टिळक रस्ता यांच्या मधे किंवा त्यांना लागून आहेत. कोरेगाव पार्कात उतरून रोज गावात यायचं, संध्याकाळच्या गर्दीत रिक्षात बसून राहायचं आणि थकून परत जायचं, हा प्रवास ताईच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. शहर बघायला जाताना लोक आधी हॉटेल पसंत करतात आणि मग तिथून काय जवळ आहे ते शोधतात. मला हे उलटं वाटतं. आधी काय बघायचं ते ठरवावं आणि त्याच्या पायी टप्प्यात जे बरं मिळेल तिथे राहावं.

पेठ ठरली तरी काम संपत नाही, कारण सदाशिव पेठ फार मोठी आहे. थोरल्या माधवरावांनी पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं ती वसवली. आज पत्त्यात सदाशिव पेठ लिहिणारं हॉटेल पेरूगेटाजवळ असू शकतं आणि पार सारसबागेच्या अंगालाही. पत्ता दोन्हीकडे खराच असतो. घरनंबर तर नवख्या माणसाच्या उपयोगाचे नाहीत. ते रस्त्याच्या क्रमानं लावलेले नाहीत, त्यामुळे नंबर जवळचा म्हणून घर जवळ असेलच असं नाही. इथे पत्ता चालतो तो खुणांवर: नागनाथ पार, निंबाळकर तालीम, चिमण्या गणपती, भिकारदास मारुती, खजिना विहीर, सदाशिव पेठ हौद. म्हणून फोन करताना मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारत होते, ‘तुम्ही कशाच्या जवळ?’ उत्तर पटकन आणि नेमकं आलं की निम्मी खात्री पटायची.

या भागात राहण्याच्या जागा बहुतेक जुन्या वळणाच्या आहेत. दोन-तीन मजली इमारत, खाली दुकानं, वर लॉज. त्यामुळे विचारायच्या गोष्टीही वेगळ्या. लिफ्ट आहे का? गरम पाणी दिवसभर येतं की सकाळी ठरावीक वेळीच? खोलीचा दिवस दुपारी बाराला संपतो की आल्यापासून चोवीस तास मोजता? खिडकी रस्त्यावर उघडते की मागच्या बोळात? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लक्ष्मी रस्ता आणि बाजीराव रस्ता रात्री उशिरापर्यंत वाहतात आणि पहाटे पुन्हा सुरू होतात. मागची खोली अंधारी असेल, पण झोप मिळते. स्वतःची गाडी आणण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. एकेरी रस्ते, अरुंद बोळ आणि सम-विषम तारखांचं पार्किंग यांत गाडीचं ओझंच होतं.

आम्ही स्वारगेटला उतरलो आणि रिक्षानं नागनाथ पारापाशी आलो. लॉजच्या टेबलामागे वयस्कर व्यवस्थापक होते. आधारकार्डं बघता बघता त्यांनी विचारलं, ‘लग्नाला आलात का?’

ताई म्हणाली, ‘नाही हो काका, पुणं बघायला.’

‘बघायला?’ त्यांनी मान वर केली. ‘बरं झालं. मग वरची मागची खोली देतो. पुढच्या खोल्यांत वऱ्हाड आहे, पहाटे चारला उठतील.’

त्यांचा प्रश्न साहजिक होता. तुळशीचं लग्न लागून गेलं होतं, मुहूर्त सुरू झाले होते, आणि पेठेत उद्यान प्रसादसारखी कार्यालयं आहेत. मुहूर्ताच्या तारखांना इथली खोली मिळणं कठीण, हे पंचांग हाताशी ठेवूनच ठरवायला हवं. पण त्या प्रश्नात मला या पेठेचा स्वभावही दिसला. सदाशिव पेठेनं बाहेरगावच्या माणसांना पिढ्यान्पिढ्या जागा दिली आहे, फक्त ती माणसं सहलीला आलेली नव्हती. काहीतरी काम घेऊन आलेली होती, आणि त्यात सगळ्यात जास्त विद्यार्थी.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानं राहण्यासाठी बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ साली त्याच वाड्यात संस्कृत शिकवणारं हिंदू कॉलेज सुरू झालं. वाड्याची कोरीव लाकडी दर्शनी बाजू आजही रस्त्यावरून दिसते. ताई तिच्यासमोर भर गर्दीत बराच वेळ उभी राहिली. पुढे १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं. आज ते पुणे विद्यार्थी गृह म्हणून पेठेतच उभं आहे. तिथली मुलं माधुकरी मागून जेवायची आणि शाळा करायची. कुणी वार लावून जेवायचं: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. शिकायला आलेल्या परक्या मुलाला ठरलेल्या वारी पानावर बसवायचं, ही इथल्या कितीतरी घरांची रीत होती. आमच्या आजोबांच्या पिढीतले सांगली-मिरजेकडचे कितीतरी जण असेच शिकले. पुण्याच्या माणसांविषयी खूप काही बोललं जातं. त्यांच्या या बाजूबद्दल मात्र फार कमी, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

आज त्या मुलांची जागा स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींनी घेतली आहे. बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, चंद्रपूर, कुठून कुठून आलेली. खांबाखांबावर जाहिराती: ‘कॉट बेसिसवर जागा’, ‘अभ्यासिका’, ‘घरगुती मेस’. एका खोलीत चार कॉट, एका कॉटचं भाडं, कॉटखाली पत्र्याची पेटी. अभ्यासिकेत एक टेबल, एक खुर्ची, वर दिवा, आणि महिन्याचे पैसे. पहाटे बोळातून गेलं तरी अभ्यासिकांच्या खिडक्यांत उजेड असतो. अमृततुल्याच्या दुकानात पितळी पातेल्यात चहा उकळत असतो आणि पाठीवर सॅक घेतलेली मुलं कपातला चहा पिता पिता कालच्या प्रश्नपत्रिकेवर वाद घालत असतात. एका मुलीशी ताईची गट्टी जमली. ती परभणीकडची, राज्यसेवेची तयारी करणारी. ताईनं तिला मराठ्यांच्या इतिहासाचं काहीबाही विचारलं आणि मुलीनं तारखांसकट उत्तरं दिली. ‘काकू, तुम्ही कुठं राहता? इथंच रूम घ्या ना, आम्हाला शिकवा,’ ती म्हणाली. ताई दिवसभर खुशीत होती.

या मुलांमुळे पेठेत राहणाऱ्या पाहुण्याचा मोठा फायदा होतो: जेवण. मेस आणि खाणावळी सकाळ-संध्याकाळ चालतात आणि साधं, पोटभर अन्न मिळतं. टिळक रस्त्यावरचं बादशाही १९३२ पासून चालू आहे. वेळेत जायचं, नाव सांगायचं, बाकावर बसून राहायचं, बोलावलं की आत जायचं. पोळी, आमटी, कोशिंबीर, भात. मला ती शिस्त आवडते. रांगेतल्या प्रत्येकाला सारखं वागवलं जातं.

लक्ष्मी रस्त्यावरच्या पूना गेस्ट हाऊसमध्ये थालीपीठ खाल्लं. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये हे सुरू केलं. नाटक-सिनेमातली माणसं इथे उतरायची, जेवायची, गप्पा मारायची. राहण्याच्या जागेला स्वतःचा इतिहास असणं म्हणजे काय, हे बघायचं असेल तर निदान एकदा तिथे जेवावं. नव्या हॉटेलात गादी मऊ मिळेल. शहराशी असलेलं असं नातं नाही मिळत.

भारत इतिहास संशोधक मंडळ आमच्या लॉजपासून चालत काही मिनिटांवर. इतिहासकार वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी ते स्थापन केलं. ताईनं चाळीसेक वर्षांच्या नोकरीत ज्या संस्थेचं नाव वर्गात शेकडो वेळा घेतलं, तिच्या दारात ती पहिल्यांदाच उभी होती. चप्पल काढावी का, असं तिनं मला हळूच विचारलं. सकाळ तिथे घालवून आम्ही खोलीवर आलो, ताई दुपारी तासभर पडली, आणि ऊन उतरल्यावर बाजीराव रस्त्यानं केळकर संग्रहालयात गेलो. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं जमवलेला तो संग्रह पुढे राज्य सरकारच्या हाती दिला. वस्तू वीस हजारांवर आहेत, मांडलेला त्यातला थोडासाच भाग. दिवे आणि अडकित्ते यांच्यापुढून ताई हलेना. मधे विश्रांती घेऊन पुन्हा बाहेर पडता येणं, हे जवळच्या मुक्कामामुळेच शक्य झालं. वयस्कर माणसांबरोबर फिरताना यासारखी सोय नाही.

आणि रात्र. भरत नाट्य मंदिर मंडळाच्या जवळच आहे. संस्था १८९४ ची. प्रयोग लांबला, भैरवी झाली तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाहेर लोक रिक्षांना हात करत होते, लांबच्या रिक्षांचा भाव चढला होता. आम्ही दोघी शाली लपेटून चालत निघालो. दुकानं बंद, रस्ता मोकळा. दिवसा ज्या चौकात पाय टाकायला जागा नसते तिथे थांबून आम्ही गाणी आठवत होतो. ताईनं एक पद मोठ्यानं म्हटलं. एरवी ती रस्त्यात असं गाणार नाही.

सकाळी लवकर देवळं. खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा. मुरलीधराच्या मूर्तीवरून पेशवाईच्या अखेरीला इथे चकमक झाली आणि माणसं मेली, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. देऊळ मात्र आत शिरलं की शांत. पूर्वी सभोवती वाडे होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले; जे वाचले त्यांच्या जागी हळूहळू इमारती उभ्या राहिल्या. एखादं चौकटीचं दार, एखादं दगडी जोतं अजून मधेच दिसतं. ते दिसतं ते चालणाऱ्यालाच.

सदाशिव पेठ सगळ्यांना सांगावी असं मात्र मी म्हणणार नाही. लहान मुलांना खेळायला मोकळी जागा हवी असेल तर डेक्कनच्या पलीकडचे भाग बरे. पहाटेची गाडी असेल तर स्टेशनजवळची लॉज सुचवणारे शेजारचे काका बरोबर आहेत. सवाई गंधर्व महोत्सवाला येणाऱ्यांना रमणबाग होती तोवर पेठांसारखी जागा नव्हती. आता महोत्सव मुकुंदनगरला होतो, तेव्हा स्वारगेटच्या बाजूला राहिलेलं सोयीचं. गणेशोत्सवाचं निराळं आहे. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक बघायची तर पेठेतच राहावं, पण आदल्या दिवशी पोचावं, सामान कमी ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुठे जायचं ठरवू नये. गाड्यांना रस्ते बंद असतात. श्रावण-भाद्रपदात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका भरतमध्ये असतात. १९६३ पासून ही स्पर्धा चालू आहे. कॉलेजची मुलं गटागटानं पेठेत हिंडत असतात. त्यावेळी येऊन राहावं असं मला फार वाटतं.

निघताना लॉजचा हिशेब करताना व्यवस्थापक काकांनी ताईला विचारलं, ‘झालं का बघून?’

‘कुठलं हो,’ ताई म्हणाली, ‘मंडळातच अजून निम्मं राहिलं.’

‘मग जूनमध्ये येऊ नका. प्रवेशाचे दिवस, आईबाप मुलांना घेऊन येतात, खोली मिळत नाही. पाऊस लागला की फोन करा.’

रिक्षा न करता आम्ही मंडईपर्यंत चालत गेलो. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली आहे आणि मंडईनंतर पुढचंच स्थानक स्वारगेट. सरकते जिने असल्यामुळे ताईच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही. वर आलो तेव्हा सांगलीची गाडी फलाटावर लागलेली होती, आणि खिडकीची जागा मिळाली.