दुसऱ्याच्या हातचं विमान

दोन्ही टायर पार बसले होते. पंखांवर कबुतरांच्या विष्ठेचा थर होता आणि कॉकपिटच्या काचेवर अंथरलेल्या जुन्या रजईत उंदरांनी घर केलं होतं. ओहायोतल्या एका गवताळ धावपट्टीलगतच्या पत्र्याच्या हँगरात हे दोन आसनी आर.व्ही.-६ विमान अकरा वर्षं जागचं हललं नव्हतं. ज्यांनी ते बांधलं ते गृहस्थ वारले होते. मी विमान विकत घेतलं, तेव्हा त्यांच्या पत्नीने माझ्या हातात हँगरची किल्ली आणि कागदांनी भरलेलं एक खोकं दिलं. मुलगा म्हणाला, “काळजी नको, अधूनमधून इंजिन चालू करून ठेवत होतो.” हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. का, ते पुढे येईलच.

माझा व्यवसाय विमान-मेकॅनिकचा. विमानाचा सांगाडा आणि इंजिन या दोन्हींचा अमेरिकी परवाना माझ्याकडे आहे आणि गेली बावीस वर्षं लहान विमानांवरच माझं पोट आहे. गावाकडे गेलो की हमखास प्रश्न येतो, घरी बांधलेलं विमान म्हणजे नेमकं काय? कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचं नाव घेतलं की लोकांना पटकन कळतं. २०१६ साली मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते विमान अनेकांनी पाहिलं होतं. अमेरिकेत या छंदाला कायद्याची चौकट आहे. विमानाचं अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असेल, तर सरकार त्याला ‘एक्स्परिमेंटल’ या वर्गात उडण्याची परवानगी देतं. त्याचं प्रमाणपत्र फिकट गुलाबी कागदावर असतं. आत शिरताना दिसेल अशा जागी ‘एक्स्परिमेंटल’ हा शब्द ठळक लिहावा लागतो, आणि कारखान्यातल्या विमानांचे सुरक्षा-नियम या विमानाला लागू नाहीत अशी पाटी प्रवाशासमोर लावावी लागते. अशा बांधणाऱ्यांची संघटना, ईएए, पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये सुरू केली. ऑशकॉशला दर उन्हाळ्यात तिचा मेळा भरतो, तेव्हा विमानांच्या रांगा डोळ्यांत मावत नाहीत.

आर.व्ही. विमानांचे जनक रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन ओरेगनचे. त्यांच्या आराखड्यांवरून बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली आहेत. पण एकाच आराखड्यावरची दोन विमानं सारखी नसतात. पत्रा एक, मापं एक, तरी प्रत्येक रिव्हेटमागे वेगळा हात असतो. कुणी तारा अशा बांधतो की बघत राहावं, तर कुणी त्या नुसत्या कोंबतो. कारखान्यातलं विमान घेतलं की हजारो जुळ्या विमानांचा अनुभव आपल्या पाठीशी असतो. दुसऱ्याने बांधलेलं विमान घेतलं की त्या एका माणसाने गॅरेजमध्ये रात्री अकरा वाजता काय ठरवलं, ते आपल्याला शोधून काढावं लागतं.

ही गोष्ट जिवाशी येते. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरात विमान कोसळून गेले. ते ज्या लाँग-ईझी विमानात होते ते दुसऱ्याने बांधलेलं होतं आणि त्यांनी नुकतंच विकत घेतलेलं होतं. इंधनाची टाकी बदलण्याची कळ आराखड्यात दाखवलेल्या जागी नव्हती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती आणि तिच्यावर खुणाही नव्हत्या. तिच्यापर्यंत हात पोचवायचा तर सगळं अंग वळवावं लागे. चौकशी अहवालात कळीची ही जागा अपघाताच्या कारणांमध्ये नोंदली गेली. हा अहवाल देणाऱ्या चौकशी मंडळाने २०११ सालच्या घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा तपासलेल्या अपघातांमधली निम्म्याहून अधिक विमानं मालकाने स्वतः बांधलेली नव्हती, विकत घेतलेली होती. माझ्या कामाच्या बाकावर हा आकडा मी लिहून ठेवला आहे.

म्हणून मी स्पॅनरला हात लावण्याआधी तीन रात्री ते खोकं वाचत बसलो. बांधकामाच्या डायरीत पहिली दोन वर्षं ओळ न् ओळ होती. शेपटीचे रिव्हेट, पंखाची कणा-तुळई, पत्नीने कधी मागून लोखंडी ठोकळा धरला, सगळं. पुढे नोंदी विरळ होत गेल्या आणि इंजिन बसवण्याच्या काळातली पानं जवळजवळ कोरी होती. जिथे लिखाण थांबलं होतं तिथे मी सगळ्यात आधी उघडायचं ठरवलं.

आता इंजिनाचं. लायकमिंगच्या ओ-३२० या चार सिलिंडरी इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. कॅमच्या उंचवट्यांवर तेल येतं ते आत उडणाऱ्या शिंतोड्यांमधून. इंजिन थांबलं की ते तेल हळूहळू खाली निथळतं आणि महिने गेले की वरचं पोलाद उघडं पडतं. ओहायोचे उन्हाळे दमट असतात. त्यात कुणी दर महिन्याला दहा मिनिटं इंजिन चालू केलं, की ज्वलनातून झालेलं पाणी तेलात शिरतं, पण तेल पुरेसं तापत नाही आणि ते पाणी आतच राहतं. कंपनीचा सल्ला स्पष्ट आहे: फार तर तीस दिवसांच्या अंतराने विमान सलग तासभर उडवा आणि तेलाचं तापमान १६५ ते २०० अंश फॅरनहाइटमध्ये ठेवा. जमिनीवर घरघर करून ते साधत नाही. मुलाने प्रेमापोटी, वडिलांची आठवण म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं, आणि नेमकं त्यानेच आतला गंज वाढवला होता.

माझे वडील सांगली जिल्ह्यात विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. पावसाळ्यात पंप बंद राहायचे, तेव्हा ते इंजिनात वरून तेल सोडून हाताने चाक फिरवायचे, तोंडं बंद करायचे आणि मग पुढचे चार महिने कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. “एक तर पुरतं चालव, नाही तर पुरतं झोपव,” हे त्यांचं म्हणणं मला परवाना मिळाल्यावर नव्याने कळलं.

कॉम्प्रेशनची चाचणी चांगली आली. ८० पौंडांच्या दाबाला चारही सिलिंडर सत्तरीच्या पुढे होते. इथे बरेच जण फसतात. ही चाचणी रिंगा आणि व्हॉल्व्ह यांचा हिशेब देते, कॅमबद्दल ती काहीच सांगत नाही. मी एक सिलिंडर उतरवला आणि आरसा-बॅटरी घेऊन आत पाहिलं. दोन उंचवट्यांवर तांबूस डाग होते आणि नखाला लागतील असे खड्डे होते. असा कॅम चालवला तर टॅपेटचा पृष्ठभाग सोलवटत जातो, पोलादाचा चुरा तेलात फिरतो आणि बेअरिंगांना लागतो. उपाय एकच होता. इंजिन उतरवून पोट उघडलं. कॅम घासून घेतला, टॅपेट नवे घातले, बेअरिंग, रिंगा आणि सीलं बदलली. मॅग्नेटो तपासणीला पाठवले. या एका कामात चार महिने आणि खरेदीच्या किमतीच्या निम्मी रक्कम गेली. ज्याला असं विमान घ्यायचं आहे त्याने रंग, काच, गादी यांच्याकडे नंतर पाहावं.

इंधनाच्या बाजूने मला त्याहून जास्त शिकवलं. पंखाच्या आत, पुढच्या कडेला दोन टाक्या. त्यांचे हवेचे नळ कुंभारीण माशीने चिखलाने गच्च बुजवले होते. हे किरकोळ वाटेल, पण हवा आत गेली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही. जुने रबरी होज हातात तुटले, ते सगळे फेकले. मग आसनामागचं झाकण काढलं, तर तिथे मोटारीच्या दुकानातला पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर! आराखड्यात तो नाही, डायरीत नाही. त्याच्या कडेला केसासारखी चीर होती. पानं कोरी होती त्याच काळातलं हे काम.

तो काढल्यावर प्रवाहाची चाचणी घेतली. हिशेब असा: १६० अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण जोरात तासाला साधारण १४.७ गॅलन लागतात. पंपाच्या व्यवस्थेत त्याच्या सव्वापट, म्हणजे १८.३ गॅलन वाहायला हवेत. शेपटीचं चाक खड्ड्यात उतरवून नाक चढाईच्या कोनापेक्षा वर केलं, कार्ब्युरेटरचा होज सोडला, विजेचा पंप लावला आणि घड्याळ धरलं. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, ३ मिनिटं १७ सेकंदांत भरायला हवा. डाव्या टाकीने ते सहज केलं. उजव्या टाकीला साडेपाच मिनिटं लागली.

हे विमान बांधलं गेलं त्या काळात बरेच बांधणारे गळती थांबवण्यासाठी टाकीत पातळ लुकण ओतून ती सगळीकडून हलवत असत. वर्षांनी त्या लेपाचे पापुद्रे सुटतात. उजव्या टाकीच्या तोंडाच्या जाळीवर असेच पापुद्रे चिकटले होते. धावपट्टीवरून उठताना, इंजिन सगळ्यात जास्त मागत असताना, ते आणखी आवळले गेले असते. मी टाकी उतरवली, मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भोकं पाडली आणि जुना लेप खरवडून काढला. प्रत्येक सांधा नव्याने बुजवून वर पत्र्याची झाकणं रिव्हेट केली. बोटांची सालं निघाली. दुसऱ्या वेळी घड्याळ ३ मिनिटं ५ सेकंदांवर थांबलं.

उंदरांचं नुकसान त्यामानाने लवकर निस्तरलं. त्यांच्या मुतामुळे ॲल्युमिनिअमवर पांढरी भुकटी धरते, ती घासून पत्रा किती खाल्ला गेला ते मोजलं. शेपटीकडचा एक तुकडा बदलावा लागला. तारांचा एक जुडगा घरगुती प्लास्टिकच्या वेष्टणाचा निघाला. जळला तर तो कॉकपिट धुराने भरतो, म्हणून तोही काढला. बाकी ब्रेक, बॅटरी, टायर.

कागदांची एक अडचण वाचकांना सांगायला हवी. ज्याने विमान बांधलं त्याला वार्षिक तपासणीवर सही करण्याचा हक्क मिळतो, पण तो हक्क विमानाबरोबर विकला जात नाही. नवा मालक स्वतः दुरुस्त्या करू शकतो, मात्र दर बारा महिन्यांची सही परवानाधारकाचीच लागते. माझ्याकडे परवाना होता तरी मी दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. चौदा महिने एकच विमान पाहणाऱ्या डोळ्यांना काही गोष्टी दिसेनाशा होतात. त्याला एलेरॉनच्या सांध्यावरचा एक नट सैल सापडला. तो मीच घट्ट करायचा विसरलो होतो.

पहिल्या उड्डाणाआधी मी एका शिक्षकाबरोबर दुसऱ्या आर.व्ही.-६ मध्ये सहा तास उडालो. नव्या रिंगा बसाव्यात म्हणून इंजिनात साधं खनिज तेल घातलं होतं आणि जमिनीवर ते फार वेळ फिरवायचं नव्हतं. ऑक्टोबरच्या सकाळी, एकटाच, मी ते उचललं. विमानतळाच्या डोक्यावरच, इंजिन बंद पडलं तरी उतरता येईल एवढ्या घेऱ्यात, पूर्ण ताकदीच्या तीन चतुर्थांशावर अडतीस मिनिटं फिरलो. उतरल्यावर तेलाचा फिल्टर कापून त्याची घडी उलगडली. कागद स्वच्छ होता.

विमान बांधणाऱ्या गृहस्थांच्या पत्नी कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांना मी डायरी परत केली. कोरी राहिलेली पानं मी भरून काढली होती: कुठली तार कुठून कुठे जाते, कुठला फिल्टर काढला, टाकीला भोकं कुठे आहेत.

जगात कुठेही, गच्चीवर की गॅरेजमध्ये, कुणी मराठी माणूस विमान बांधत असेल, तर त्याला माझी कळकळीची विनंती आहे. आराखड्यापासून जिथे जिथे बाजूला सरकाल, तिथे त्याच दिवशी तारखेसकट लिहून ठेवा आणि फोटो काढा. तुमच्यानंतर ते विमान कुणीतरी उडवणार आहे.