आवक चालू, जावक बंद

जिल्ह्याच्या गावी एका सहकारी पतपेढीत मी हिशेबनीस म्हणून रुजू झालो, तेव्हा तिथला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर शाईच्या फितीवर सुया आपटीत दिवसभर खतावण्या छापीत असे, आणि दोन्ही कडांना भोके असलेला अखंड कागद घडीवर घडी पडत मेजामागे साचत जाई. ते यंत्र अडले म्हणजे का अडले, हे कानालाच कळे. पुढे जाड केबल जाऊन यूएसबीची बारीक तार आली, लेझरची निःशब्द छपाई आली, आणि यंत्र अबोल झाले; पडद्यावर अपयशाची सूचना उमटे, पण तिच्यात कारण नमूद नसे.

निवृत्तीनंतर भाच्याने घरच्या संगणकावर लिनक्स बसवून दिले, तेव्हा यंत्राचा सारा व्यवहार मला पुन्हा उलगडून दिसू लागला. तार खोचताच प्रिंटर आपला निर्माता, आपले मॉडेल आणि आपल्याला अवगत असलेल्या आज्ञाभाषा स्वतः कळवितो. त्या माहितीच्या आधारे कप्स ही छपाईची व्यवस्था त्याला आपल्या दप्तरी दाखल करून घेते. मायकेल स्वीट यांनी १९९७ साली हाती घेतलेले आणि १९९९ साली जगापुढे आलेले हे काम. ब्राउझरात लोकलहोस्ट लिहून पुढे ६३१ हा पोर्टचा आकडा घातला, की कोणते काम रांगेत आहे, कोणते तहकूब आहे, कोणते रद्द झाले, ते दाखविणारे पान उघडते.

या व्यवस्थेतील एक भेद मला विशेष आदरणीय वाटतो. काम स्वीकारणे आणि काम छापणे यांचे हुकूम तिने वेगळे ठेवले आहेत. ‘कप्सडिसेबल’ म्हटले, की छपाई थांबते, परंतु नवे अर्ज रांगेत दाखल होतच राहतात. ‘कप्सरिजेक्ट’ म्हटले, की नवी आवक बंद होते आणि आधीच दाखल झालेली कामे मात्र यथाक्रम तडीस जातात. आयुष्यभर आवक-जावक नोंदविलेल्या माणसाला यामागील विवेक लगेच उमगतो. छपाई फसली तर प्रिंटर थांबवावा, तेच काम पुन्हा करून पाहावे, की ते सोडून द्यावे, हे धोरणही वापरणाराने ठरवायचे. रांग थांबविण्याचे धोरण असेल, तर तार नीट बसवूनही रांग आपोआप चालू होत नाही, तिला ‘कप्सएनेबल’ असा स्पष्ट हुकूम द्यावा लागतो.

यंत्र का अडले हे कळावे, ही गरज माझ्या एकट्याची नव्हती. एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला, आणि कागद अडकल्याची वर्दी लोकांना आपापल्या जागी मिळावी म्हणून तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची मूळ आज्ञावली मागितली, तेव्हा त्यांना नकार मिळाला; १९८३ साली त्यांनी घोषित केलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पामागे हा अनुभवही होता. मला ती मागणी अत्यंत न्याय्य वाटते, कारण ज्याचे काम अडले आहे त्याला अडथळ्याचे कारण जाणण्याचा हक्क असलाच पाहिजे.

आता नव्या प्रिंटरांपैकी पुष्कळांना निराळा ड्रायव्हर लागत नाही. माझ्या जुन्याला लागतो, आणि तो मी सांभाळून ठेवला आहे. गेल्या महिन्यात सूनबाईंचे नाव ‘एलपीअ‍ॅडमिन’ गटात घालून रांगेची मुखत्यारी त्यांनाही दिली, म्हणजे मी गावी असताना नातवाचा प्रकल्प अडला, तर रांग मोकळी करण्यासाठी माझ्या फोनची वाट पाहावी लागू नये.