ताप असतानाच नाडी

सकाळी पहिल्या किकला सुरू होणारी जुनी मोटारसायकल इंजिन तापल्यावर थांबली, की कित्येकदा हटून बसते. यशवंतपूर स्थानकावरून वडिलांना घरी आणताना माझ्या गाडीने तुमकूर रस्त्यावर हेच केले. सत्तरी ओलांडलेले वडील भर उन्हात तिष्ठत राहिले. ढकलीत कारागिराकडे नेईपर्यंत गाडी निवाली आणि मुकाट्याने सुरू झाली! त्याला दोष सापडेना. वडील म्हणाले, "ताप उतरल्यावर नाडी पाहून काय कळणार?"

दुसऱ्या दिवशी मी गाडी मुद्दाम तापविली आणि ती अडताच प्लग काढला. तो ओला होता. म्हणजे पेट्रोल पोहोचत होते. कोरडा असता, तर टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे काय, हे पाहावे लागले असते. मग दुसरा, कोरडा प्लग वायरीला जोडून, प्लगच्या छिद्रापासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारली. ठिणगी पिवळट, क्षीण पडली. संशय पॉइंटच्या जोडीला असणाऱ्या कंडेन्सरवर गेला. त्यातील विद्युतरोधक थर जीर्ण झाला, की उष्णतेने वीज झिरपू देतो आणि निवल्यावर सावरतो. नवा कंडेन्सर बसविताच तापल्या इंजिनावरही निळी ठिणगी उमटली.

आपली गाडी अशी रुसली, तर हात न भाजतील एवढे जपून तिची परीक्षा ती तापलेली असतानाच करावी.