यॉर्कचा तट

इंग्लंडांत जाणारा आपला मनुष्य बहुधा लंडन पाहूनच तृप्त होतो. चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां उत्तरेस यॉर्कपर्यंत गेलों, आणि मध्ययुगीन नगराचा तट कसा असतो तें प्रत्यक्ष पाहावयास मिळालें.

तट सुमारें 3.4 किलोमीटर लांब असून त्याच्या माथ्यावरून चालतां येतें. बांधकाम मुख्यतः 13व्या व 14व्या शतकांतील. पूर्वेस एके ठिकाणीं भिंत मुळींच नाहीं. तेथें फॉस नदी अडवून केलेलें तळें होतें व त्याचें पाणीच नगराचें रक्षण करी. आणखी एक मौज अशी कीं, येथें वेशीला ‘बार’ म्हणतात आणि ‘गेट’ म्हणजे रस्ता! हा दुसरा शब्द व्हायकिंग लोकांचा. संस्कृत ‘गत’ आठवतें खरें, परंतु संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा.

एवढें वैभव आज उभें आहे, पण तें सहजासहजीं नव्हे. 1800 सालीं खुद्द नगरसभेनेंच तट पाडण्याची अनुज्ञा पार्लमेंटकडे मागितली होती. डागडुजीचा खर्च फार आणि वेशी वाहनांस अरुंद, हीं कारणें आपणांसही परिचित आहेतच. नागरिकांनीं विरोध केला. याच गांवीं जन्मलेले चित्रकार विल्यम एटी यांनीं लेखणी झिजविली. तरी चार मुख्य वेशींपैकीं तिहींपुढील बंदिस्त पडकोट गेले. वॉल्मगेट बारचा तेवढा वांचला. पुढें 1841 च्या सुमारास आगगाडीसाठीं तटालाच कमान पाडली. त्याच शतकांत, 1860 नंतर, मुंबईचा कोट इंग्रज सरकारनें पाडला. तेथें एटी कोणी निघाला नाहीं; आपल्या हातीं ‘फोर्ट’ व ‘चर्चगेट’ हीं नांवें राहिलीं.

तटावरील आजची वाट बव्हंशीं 19व्या शतकांत केलेली आहे. जुन्याच्या शुद्धतेचा आग्रह धरणारे तिला नांवें ठेवतील. मला ती मुळींच खटकली नाहीं. तट आज कायद्यानें संरक्षित आहे हें उत्तमच. परंतु शाळेंतून परतणारीं मुलें व भाजी घेऊन जाणारी एक वृद्धा याच वाटेनें जातांना पाहिली, तेव्हां त्याची काळजी करणारे कोण हें कळलें.

वर जाण्यास मूल्य नाहीं. सायंकाळीं दारें बंद होतात, बर्फ पडल्यास दिवसाही. बऱ्याच ठिकाणीं आंतल्या बाजूस कठडा नाहीं. नातवंडांचा हात सोडूं नये.